भोकर जिंकलं पाहिजे

१० ऑगस्ट, रविवार

शिवशंकरचा फोन आला. दसऱ्याला येतो म्हणाला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून विषय काढला. जगदेवी परातीत कणीक मळत होती, तिचे हात थांबले. तिला ऐकू यावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला, तर तेवढ्यात त्याने शेपूट जोडलं. तो राहतो त्या शहराची बेसबॉलची टीम यंदा जोरात आहे. ती प्लेऑफला गेली तर दसऱ्याच्याच आठवड्यात तिथे सामने असतील. ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून तिकिटं धरली आहेत, मग जमणार नाही. टीम नाही गेली तर मात्र नक्की येणार.

म्हणजे आईबापाचं तोंड बघायचं की नाही, हे आता अमेरिकेतली चेंडूफळी ठरवणार. मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? जास्त बोललो तर पुढच्या रविवारी फोन यायचा नाही.

फोन ठेवल्यावर जगदेवीने विचारलं, नेमकं काय म्हणला. मी सांगितलं, टीम हरली तर येतो. ती "हं" म्हणाली आणि पुन्हा कणीक मळायला लागली. तिला कितपत कळलं कोण जाणे. तिला क्रिकेटसुद्धा कळत नाही.

नोकरीत होतो तेव्हा रोज डायरी लिहायचो. तीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो, माईकवरचा आवाज माझाच. निवृत्त झाल्यावर लिहावं असं काही येत-जात नव्हतं, म्हणून वही बंद पडली. आता पुन्हा उघडली.

१३ ऑगस्ट, बुधवार

जिलानीला हाताशी घेतलं. आम्ही एकाच डेपोतले. त्याने जन्मभर हैदराबादची गाडी चालवली, आता मुलाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो. तो मुलगा, मुज्तबा, घरी येऊन टीव्हीवर बेसबॉल लावून देऊन गेला. गुणी पोरगा आहे. रोज दुपारी बापाला गाडीवर बसवून घरी जेवायला नेतो. हे मी उगीच लिहिलं.

तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे सामना चहाच्या वेळेला लागतो. आणि रोज असतो. इतक्या नियमाने आमची मुक्कामी गाडीसुद्धा येत नव्हती. टीमची इंग्रजी नावं जिलानीच्या तोंडात बसेनात, म्हणून आम्ही आपल्याकडची नावं दिली. पैसेवाली, चांगले खेळाडू गोळा करून कायम पहिली राहणारी टीम म्हणजे लातूर. शिवाची टीम उदगीर. जिल्हा होणार, जिल्हा होणार म्हणून वर्षानुवर्षं गाजायचं आणि तालुकाच राहायचं, तसं तिचं चाललेलं असतं. आणि उदगीरच्या पाठीला लागलेली टीम म्हणजे भोकर. जिलानीची सासुरवाडी भोकरची आहे, म्हणून शत्रूला ते नाव त्यानेच दिलं.

हिशेब सोपा आहे. लातूर प्लेऑफच्या गाडीत आधीच बसलं आहे. बाकीच्यांतल्या थोड्यांना मागच्या दाराने आत घेतात. त्यातली आता एकच सीट उरली आहे आणि फुटबोर्डवर लटकलेत दोघे, उदगीर आणि भोकर. उदगीर थोडं पुढे आहे.

मला भोकर जिंकायला पाहिजे. हे जिलानीला सांगितलेलं नाही. गावात मी शिवा येतोय एवढंच सांगितलंय. अट कुणाला सांगितली नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

उदगीर लागोपाठ तिसरा सामना जिंकलं. जिलानी पोरासारखा टाळ्या पिटत होता. मला म्हणाला, "आप्पा, लेकराची टीम जिंकून राहिली अन तुमचं तोंड असं, जसं टाकीतलं डिझेल सांडलंय." मी म्हणालो, दाढ दुखते.

फोनवर शिवाला म्हटलं, तुझी टीम चांगली खेळते आहे रे. तो म्हणाला, "कोण? हां, हो हो. छान चालू आहे." मुद्दाम मोजकं बोलला असणार. जिंकली म्हणून आनंद दाखवला तर आईबापाला लागेल, एवढी समज त्याला आहे.

जगदेवीने चपला सोडल्या आहेत. आज बाजारातून अनवाणी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं. हावगीस्वामींच्या मठात काहीतरी बोलून आली असणार. विचारलं, शिवासाठी का. "हाव, त्याच्यासाठीच," म्हणाली. माझा नवसावर विश्वास नाही, पण बरं वाटलं. घरात दोघांची एक तरी इच्छा सारखी आहे.

२२ ऑगस्ट, पोळा

एक शोध लागला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत समोर बसलो की उदगीर हरतं. बुधवारी हरलं, काल हरलं, आज तर सात रनांनी हरलं. मंगळवारी मी खरोखरच दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो, तर जिंकलं. माझा पायगुण वाईट असला तरी आता तो कामाला येतोय. जेवता-जेवता जगदेवीला हसत सांगितलं. ती हसली नाही.

भोकर बरोबरीला आलं. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या बैलांना मी स्वतः पोळी चारली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

वरच्या खोलीला रंग दिला, कमोड बसवला, गिझर लावला. शिवाला आता खाली बसवत नाही म्हणे. गवंडी मलप्पाने विचारलं, पाहुणा किती दिवस राहणार. मी म्हणालो, पाहुणा नाही, घरचा माणूस आहे.

जगदेवी वर बघायलासुद्धा आली नाही. गोधड्या काढून उन्हात टाक म्हणालो तर म्हणाली, कशाला, पुन्हा दमट होतील. आईने असं म्हणावं? रंगाचा वास येतो म्हणून दार लावून घ्या, एवढंच तिचं कौतुक.

३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या आल्या. घरभर पावलं काढली, उद्याच्या जेवणाची तयारी झाली. संध्याकाळी जिलानीची बायको अख्तरी बघायला आली होती, दरवर्षी येते. मखराचं कौतुक करून झाल्यावर ती मला म्हणाली, "भाईसाब, भाभींची मन्नत कबूल होईल बघा. शिवाची टीम आत जाणार म्हणजे जाणार."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चपला त्यासाठी सोडल्या आहेत. टीम आत जावी म्हणून!

बायका गेल्यावर मी जगदेवीला धरलं. म्हटलं, तुला एवढं सांगून कळलं नाही का? टीम आत गेली की तो येणार नाही. उलटा नवस बोलून बसलीस.

"कळलंय मला," म्हणाली.

मग असं का केलंस, तर म्हणाली, "महालक्ष्म्यांसमोर आवाज चढवू न्हाई," आणि आत निघून गेली.

रात्री पुष्कळ विचार केला. मुलाची हौस पुरी व्हावी, तो तिथे नाचावा, आपण इथे वाट बघत मरू, असं तिचं गणित दिसतं. लोक याला आईचं काळीज म्हणतात. मला यात निव्वळ मूर्खपणा दिसतो. तिने आयुष्यभर त्याला असंच डोक्यावर बसवलं, म्हणून तर आज ही वेळ आली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

जगदेवीने माझ्या मागे कामांचा ससेमिरा लावला आहे. नेमके साडेसात वाजले की पीठ संपतं. काल गिरणी, परवा गॅस, आज म्हणे वीजबिलाचं काय झालं ते विचारून या. ऑफिस उघडायच्या आत कुणाला विचारू, भिंतीला? परत येतो तर जिलानी माझ्या खुर्चीत बसून ओरडतोय. उदगीर जिंकलेलं. आज दहाव्या डावात जिंकलं. सरळ हरायचं सोडून यांना एवढा दम कुठून येतो?

पुन्हा एक सामना पुढे गेले.

१४ सप्टेंबर, रविवार

शिवाला विचारलं, विमान कधीचं धरतोस, हैदराबादला उतरलास तर जिलानीच्या ओळखीची गाडी सांगून ठेवतो. म्हणाला, बघतो. मागच्या रविवारीही बघतो म्हणाला होता आणि त्याच्या मागच्या रविवारीही. बरोबर आहे, शेवटचा निकाल लागल्याशिवाय तो तरी काय सांगणार.

बसस्थानकावर माझ्या खिडकीशी असेच लोक यायचे. अमुक गाडी कधी येणार? मी म्हणायचो, येईल. परत यायचे. माझी एक रीत होती. गाडी रद्द झाल्याचं मला कळलेलं असलं तरी मी माईकवर लगेच तसं सांगत नसे. "उशिराने धावत आहे," म्हणायचो. एकदम रद्द म्हटलं की बायाबापड्यांचे चेहरे बघवायचे नाहीत. उशीर म्हटलं की माणसं चहा पितात, पोरांना भजी घेऊन देतात, हळूहळू आपली आपण पांगतात. एखादा तिसऱ्यांदा विचारायला आला की मला हसू यायचं. गड्या, तुला अजून कळलं नाही?

आज ते सगळं कशाला आठवलं कुणास ठाऊक.

१७ सप्टेंबर, बुधवार

मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला गेलो होतो. जो भेटेल तो विचारतो, शिवा कधी येणार. ज्ञानोबा पाटलाने तर सगळ्यांसमोर विचारलं, "आप्पा, लेकरू येणार हाय का नुसता रंगच दिलाव?" त्याची दोन्ही मुलं इथेच अडत बघतात आणि बापाशी धड बोलत नाहीत. तरी त्याला दुसऱ्याच्या घराची चौकशी. मी म्हणालो, दसऱ्याला सोनं द्यायला तोच येईल तुमच्या दारी.

जगदेवी बाजूला उभी होती. रस्त्याने येताना माझ्या मागेच राहिली. तिच्या टाचा फुटून रक्ताळल्या आहेत. मलम आणून ठेवलं तर लावत नाही.

सकाळी भोकर जिंकलं. बरोबरी.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पावसाने झोडपून काढलंय. सोयाबीन पाण्याखाली गेलं, खेड्यांकडच्या गाड्या बंद आहेत. आमचं शेत नाही म्हणून लोकांना तोंड दाखवायची लाज वाटते, आणि घरात येऊन बघतो काय, तर बेसबॉल. सकाळी वीज गेली तर मी छत्री घेऊन मुज्तबाच्या दुकानात जाऊन मोबाइलवर बघितला. वयाला शोभतं का हे? शोभत नाही. पण मी बघितल्याशिवाय ते हरत नाहीत.

हरले. भोकर एकने पुढे. शेवटचा आठवडा.

जिलानी फार उदास झाला. त्याला खरंच त्या पोरांचा लळा लागलाय. म्हणाला, "आप्पा, या खेळाची एकच गोष्ट मला लई आवडते. कुठं बी फिर, शेवटी जिथनं निघाला त्या घरला आल्याशिवाय रन न्हाई." मी म्हणालो, चहा पी.

२७ सप्टेंबर, शनिवार

दोघांचे दोन-दोन सामने उरलेत आणि भोकर अजून एकनेच पुढे आहे. उद्या भोकर जिंकलं आणि उदगीर हरलं की विषय संपला.

जगदेवी संध्याकाळी मठात जाऊन आली, भर पावसात, अनवाणी. मी ठरवलंय, उद्या गिरणी असो, गॅस असो, घराला आग लागो, मी खुर्चीतून उठणार नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सहा वाजताच कळलं, भोकर जिंकलं होतं. म्हणजे आता उदगीरच्या एका पराभवाचा प्रश्न.

सामना सुरू व्हायच्या आधीच जगदेवी पिशवी घेऊन आली. मेथी संपली म्हणे. मी म्हणालो, आज मी हलणार नाही. ती म्हणाली, "माझं एक ऐका. आजच्या दिवस जा." तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता, पण मी मान वळवली नाही. ती पिशवी तशीच हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

शेवटच्या डावात उदगीर एका रनने मागे होतं. तीनातले दोन गडी बाद, तिन्ही बेसवर धावायला तयार माणसं. एक फटका बसला असता तर सगळं पालटलं असतं. जिलानी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. पिचरने चेंडू टाकला आणि फलंदाज बघतच राहिला. बॅट खांद्यावरून उतरलीच नाही. तिसरा स्ट्राइक, तिसरा गडी बाद. खल्लास.

मी टाळी वाजवली. आपोआप वाजली. जिलानीने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी त्याला अट सांगून टाकली. तो टोपी नीट करत म्हणाला, "मला आधी सांगायचं होतं आप्पा. मी बी भोकरची दुवा मागितली असती." वळून बघितलं तर जगदेवी दारात नव्हती.

दहा वाजता फोन आला. मी म्हटलं, हरली रे तुझी टीम. तो म्हणाला, "हो का? कधी? मला बघायलाच वेळ मिळत नाहीये पप्पा." बिचाऱ्याला फार लागलेलं दिसतं, मुद्दाम माहीत नसल्यासारखं बोलत होता. मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी जिंकतील, आता तिकीट काढ. तो म्हणाला, अहो तेच सांगायचं होतं. ऑफिसात नवीन काम आलंय, मॅनेजर सोडत नाही. आता मार्च-एप्रिलचं बघतो.

मी म्हटलं, पण टीम हरली ना.

"टीमचं काय त्यात, पप्पा," म्हणाला. मग म्हणाला, आईला दे. मी फोन दिला. तिने विचारलं जेवलास का, थंडी पडली का, स्वेटर आहे का. दोन मिनिटं बोलली आणि फोन ठेवून भाकरी करायला बसली.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज भांडण झालं. भांडण कसलं, मीच बोलत होतो. मॅनेजरला शिव्या दिल्या, अमेरिकेला दिल्या, शेवटी तिच्यावर घसरलो. म्हटलं, तुझा नवस आडवा आला. देवाला उलटसुलट सांगितल्यावर देव तरी काय करणार?

ती तवा उतरवून माझ्यासमोर येऊन बसली.

"तो येणार न्हाई हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," म्हणाली. "यायचं असणारा माणूस अट घालतो का कुठं? टीम जिंकली असती तर म्हणता आलं असतं, सामने हायत म्हणून आला न्हाई. लोकायला म्हणले असते, मला बी म्हणून घेतलं असतं. तेवढंच मागितलं होतं मी देवाला. तुम्ही बसलात तिथं, अन ते बी घालवलंत."

मी म्हणालो, तू मला आधी का नाही सांगितलंस.

"तुम्ही खोलीला रंग देत होता," म्हणाली.

नंतर तिने कोपऱ्यातल्या चपला काढल्या, फडक्याने पुसल्या, पायात घातल्या आणि मेथी आणायला गेली. पायातली भेग अजून भरली नाही, लंगडत होती. मी वर जाऊन खोलीचं दार उघडलं. रंगाचा वास तसाच आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

येऊ नये असं वाटत होतं तरी लोक आले. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन अर्धी गल्ली दारात. जिलानीही आला होता, दरवर्षी येतो. पुढे ज्ञानोबा पाटील. सोनं घ्या सोन्यासारखं राहा म्हणाला, माझ्या हातात पानं ठेवली आणि माझ्या खांद्यावरून घरात नजर टाकली. "शिवा दिसंना, आप्पा? आमच्या दारी यायचा होता न्हवं?"

तीस वर्षं ज्याने माईकवर गाव भरून टाकलं, त्याला एक वाक्य येईना.

मागून जगदेवी आली. काठीसारखी सरळ उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "त्याची टीम आत गेली न्हवं का. मोठे सामने हायत तिकडं, तिकिटं काढून बसलाय. मीच म्हणले, बाळा, जिंकूनच ये."

पाटील जिलानीकडे वळला. हा मनुष्य रोज आमच्याकडे सामना बघतो, हे गावाला माहीत आहे. जिलानीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा जगदेवीच्या पायांकडे बघितलं.

"हाव," म्हणाला. "लई जोरात जिंकली. शेवटच्या डावात. मी तर रडलो."

"किती झालं?" पाटलाने विचारलं.

जिलानी अडखळला. खोटं बोलायची त्याला सवय नाही. जगदेवी माझ्याकडे बघत होती. तिला आकडा सांगता आला नसता, तिला खेळ कळत नाही. सगळी माणसं पानं हातात धरून थांबली होती, जशी फलाटावर थांबायची.

मी घसा साफ केला. आवाज अजून तसाच आहे.

"पाचास तीन," मी सांगितलं. "शिवा थोडा उशिराने येतोय."